विश्लेषण : ‘तुला काय करायचंय, तू अभ्यास कर’; करोनाकाळात घरानं मुलांच्या मनाला काय दिलं?

महासाथीत मुलांचं मन विषाणूमुळे बिघडलं, शाळा बंद राहिल्यानं बिघडलं की मोबाइलमुळे? या तिन्हींचा वाटा होताच. पण हे सगळं मुलापर्यंत घरातल्या मोठ्या माणसांमार्फत पोहोचलं आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेलं.

एप्रिल २०२१ची गोष्ट. दुसरी लाट भरात होती. माझी आई रुग्णालयात होती आणि आठ वर्षांचा मुलगा रोज विचारायचा, ‘आजी कुठंय?’ आम्ही दोघांनी ठरवून सांगितलं, ‘गावाला गेलीय.’ जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता, सोसायटीच्या फाटकाबाहेर पडायचीही चोरी होती. अशा दिवसांत आजी एकटी गावाला कशी गेली असेल, एवढं गणित आठ वर्षांच्या मुलाला येतं. त्यानं आणखी दोन-तीनदा विचारलं. एकदा मी चिडून म्हणालो, ‘तुला काय करायचंय, तू अभ्यास कर.’ मग त्यानं विचारणंच सोडलं. आम्हाला वाटलं, रमला.

चार-पाच दिवसांनी रात्री मला जाग आली. तो माझ्या उशाशी बसला होता आणि माझ्या नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे का, ते बघत होता.

आई बरी होऊन घरी आली. अनेक घरांत तसं झालं नाही, त्यामुळे आमचं नशीब चांगलं, असंच म्हणायला हवं. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यात राहिला. मुलाला घाबरवलं कशानं? आजीच्या आजारानं, की आमच्या गप्प बसण्यानं?

वारज्यातल्या मुलांचं जग किती आक्रसलं होतं?

राज्यातले पहिले करोनाबाधित ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. मार्चच्या मध्यापर्यंत शाळांना टाळं लागलं आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. पुढे राज्य हळूहळू उघडू लागलं, तरी पुण्यात १४ ते २३ जुलै अशी दहा दिवसांची कडक टाळेबंदी पुन्हा झाली.

त्या काळातल्या नियमांमध्ये एक ओळ होती. ६५ वर्षांवरील व्यक्ती, गर्भवती, इतर आजार असलेले आणि १० वर्षांखालील मुलं यांनी अत्यावश्यक कारणाशिवाय घराबाहेर पडू नये. म्हणजे मधली पिढी भाजी आणायला, कामाला, औषधाला तरी बाहेर जात होती. आजी-आजोबा आणि नातवंडं मात्र एकाच खोलीत, एकाच टीव्हीसमोर बसून होती. त्या टीव्हीवर दिवसभर मृतांचे आकडे चालू असायचे.

वारजे हा एकसारखा भाग नाही. मुंबई-बंगळूरु बाह्यवळण रस्त्याच्या कडेला मोठ्या सोसायट्या आहेत, पॉप्युलर नगर, अतुलनगरसारख्या मध्यमवर्गीय वसाहती आहेत, जुनं गावठाण आहे आणि रामनगरसारखी दाट वस्तीही आहे. सोसायटीत मुलाला निदान बाल्कनी होती. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा जणांनी दिवस काढले तिथं उंबरा हीच बाल्कनी होती.

५ जून २०२० रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, केंद्र सरकारनं ‘नगर वन’ योजना जाहीर केली. तेव्हा देशासमोर नमुना म्हणून वारज्याच्या टेकडीवर फुलवलेलं नागरी वन दाखवलं गेलं. एकेकाळची ती उजाड जागा लोकांच्या हातानं हिरवी झाली, हे खरोखर कौतुकाचं होतं. पण ज्या आठवड्यात आपली टेकडी सगळा देश पाहत होता, त्याच आठवड्यात तिच्या पायथ्याशी राहणाऱ्या पहिली-दुसरीतल्या मुलांना ती गॅलरीतूनच बघायची होती.

शाळांचं काय झालं, तेही आठवू. पुणे महापालिका हद्दीत नववी ते बारावीचे वर्ग ४ जानेवारी २०२१ रोजी उघडले आणि वाढत्या रुग्णसंख्येमुळे पुन्हा मिटले. आठवी ते बारावी ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाली. पहिली ते सातवीला १६ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला, आणि तिसऱ्या लाटेत जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा कुलूप लागलं ते १ फेब्रुवारीला निघालं. लहान वर्गांसाठी हा खंड सलग सुमारे २१ महिन्यांचा होता. जून २०२० मध्ये पहिलीत गेलेल्या मुलाचं पहिलीचं अख्खं वर्ष वर्ग न बघताच सरलं.

शाळा म्हणजे फक्त धडे नव्हेत. घरी काही बिनसलं असेल तर ते मूल विसरतं ती जागा म्हणजे शाळा. डब्यातला घास वाटून घेणारा मित्र आणि ‘आज गप्प का रे?’ असं विचारणाऱ्या बाई तिथं असतात. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा अभ्यासापुरती काही अंशी खरी ठरली. पण विचारपूस करणाऱ्या बाई मोबाइलच्या पडद्यात मावल्या नाहीत. ते काम एकट्या घरावर येऊन पडलं.

मुलांच्या मनावर परिणाम झाला, हे कशावरून?

महासाथीच्या आधीचं चित्र पाहू. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात साधारण चार मुलं. प्रश्न आधीपासूनच होता.

‘जामा पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. जगभरातल्या २९ अभ्यासांतील ८० हजारांहून अधिक मुलांची माहिती त्यात एकत्र केली होती. सुमारे २५ टक्के मुलांमध्ये नैराश्याची आणि सुमारे २० टक्के मुलांमध्ये अतिचिंतेची लक्षणं दिसली. इथं एक खबरदारी हवी. ही प्रश्नावलीतून दिसलेली लक्षणं आहेत, डॉक्टरांनी केलेलं निदान नव्हे. प्रत्येक चौथं मूल मनोरुग्ण झालं, असा अर्थ काढणं चूक ठरेल. पण चारांतलं एक मूल आतून खचत होतं, इतकं मात्र त्यातून नक्की कळतं.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. ‘युनिसेफ’नं २०२१ मध्ये २१ देशांतल्या १५ ते २४ वयोगटातील तरुणांचा कौल प्रसिद्ध केला. मानसिक त्रास असेल तर इतरांची मदत घेणं चांगलं, असं म्हणणारे या २१ देशांत सरासरी ८३ टक्के होते. भारतात हेच प्रमाण ४१ टक्के होतं, सर्व देशांत सर्वांत कमी. त्रास इथंही होता, पण तो बोलून दाखवायची सवय नव्हती.

ही सवय मूल शिकतं कुठं? घरातच.

आजारापेक्षा घर महत्त्वाचं कसं ठरतं?

या प्रश्नाचं उत्तर करोनाच्या कितीतरी आधीपासून शोधलं गेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ॲना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी लहान मुलांची निवासी पाळणाघरं चालवत होत्या. त्यांच्या टिपणांतला निष्कर्ष तेव्हा अनेकांना चकित करून गेला. आई किंवा रोजच्या ओळखीचं माणूस जवळ असेल, तर बॉम्बच्या आवाजानं मूल कायमचं हादरत नाही. कुटुंब तुटलं की ते हादरतं. आणि आई स्वतः थरथरत असेल, तर बॉम्ब दूर पडला तरी मूल थरथरतं. संकट केवढं आहे हे मूल संकटाकडे बघून ठरवत नाही. ते मोठ्यांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतं.

दुसरा धागा पैशाचा. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या आयोवा राज्यात शेतीवर मोठं संकट आलं, जमिनी गेल्या, कर्जं थकली. रँड काँगर, ग्लेन एल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शेकडो कुटुंबांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. पैशाची चणचण थेट मुलाला आजारी पाडत नाही, असं त्यांना दिसलं. आधी आई-वडिलांचा जीव टांगणीला लागतो. मग दोघांत खटके उडू लागतात. मग मुलावर ओरडणं, मारणं किंवा त्याच्याकडे दुर्लक्ष करणं सुरू होतं. आणि त्यानंतर मुलाचं बिनसतं. या साखळीतली मधली एखादी कडी सावरली, नवरा-बायकोनं एकमेकांना धरून ठेवलं, तर त्याच गरिबीत मूल तरून जातं.

ही साखळी २०२०च्या पुण्यात बसवून बघा. रिक्षा बंद, खानावळ बंद, धुण्याभांड्याची कामं बंद, आयटी कंपनीत पगारकपातीची मेल. घरोघरी ही पहिली कडी बसली. पुढच्या कड्या मात्र प्रत्येक घरात वेगळ्या निघाल्या.

तिसरी गोष्ट अगदी साध्या प्रयोगातली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात आयांना सांगितलं, तान्ह्या बाळासमोर बसा, पण दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवा. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, मग ओरडतं आणि शेवटी तोंड फिरवून स्वतःत मिटून जातं. आई समोर असूनही ‘नसते’, हे तान्ह्या बाळाला काही सेकंदांत कळतं. लॅपटॉपवर बैठक चालू असलेल्या, फोनमध्ये ऑक्सिजनच्या खाटा शोधणाऱ्या, व्हॉट्सॲपवरच्या श्रद्धांजल्या वाचणाऱ्या आपल्या चेहऱ्यांसमोर मुलं दीड-दोन वर्षं बसली होती. शरीरानं आपण कधी नव्हे इतके घरात होतो, मनानं बऱ्याचदा नव्हतो.

म्हणजे ज्याचं घर मोठं, त्याचं मूल सुखी?

तसं अजिबात नाही. दोन घरं डोळ्यांसमोर आणू. नेमकी कुणाची नव्हेत, पण वारज्यात प्रत्येकाच्या ओळखीची.

पहिलं घर तीन खोल्यांचं. आई-वडील दोघंही घरून काम करतात. मुलीला स्वतःची खोली, स्वतःचा टॅब. सकाळी आठला वर्ग सुरू, दार बंद. जेवण ज्याला जसं जमेल तसं, ताट घेऊन आपापल्या पडद्यासमोर. ऑफिसात माणसं कमी करताहेत, ही चिंता वडील कुणाला सांगत नाहीत, फक्त चिडतात. मुलगी दहावीत. परीक्षाच रद्द होते. जुलै २०२१ मध्ये राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागतो. ‘तुम्ही काय, करोना बॅच!’ हा टोमणा ती नातेवाइकांकडून हसत ऐकते आणि दार पुन्हा लावून घेते.

दुसरं घर एका खोलीचं. वडिलांची रिक्षा उभी, आईची चार घरची कामं सुटलेली. घरात एकच स्मार्टफोन, तो आधी मोठ्याच्या वर्गाला, मग धाकटीला. डोक्यावर भाड्याची टांगती तलवार. पण एके रात्री आई दोघांना जवळ घेऊन सांगते, ‘पैसे कमी आहेत. दूध रोज येणार नाही. ताईंनी निम्मा पगार दिलाय, तेवढ्यात भागवू. बाबा चिडले तर ते तुमच्यावर नाही, हे लक्षात ठेवा.’ दुपारी सगळे मिळून दूरदर्शनवरची ‘टिलीमिली’ बघतात, संध्याकाळी आजी शेंगा फोडत गोष्ट सांगते, रात्री सगळे एका रांगेत झोपतात.

कोणत्या घरातलं मूल जास्त भ्यायलं असेल?

गरिबीचं गोडवं गाण्यासाठी हे लिहीत नाही. दुसऱ्या घरात वडील दारू पीत असतील, हात उचलत असतील, तर तीच एक खोली मुलासाठी तुरुंग होते, आणि टाळेबंदीत पळून शेजारी जायचीही सोय उरत नाही. त्या काळात राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या. त्यातल्या कितीतरी घरांत मुलं सगळं बघत होती. मुद्दा इतकाच की चौरस फुटांवरून किंवा पगारावरून मुलाच्या मनाचा अंदाज बांधता येत नाही. जेवायची-झोपायची वेळ ठरलेली होती का, घरात काय चाललंय ते कुणी सांगत होतं का, आणि मोठी माणसं एकमेकांशी कसं बोलत होती, यावर बरंचसं ठरत होतं.

मुलांना खरं सांगायचं, तर ती घाबरणार नाहीत का?

आपल्याकडे ‘लेकरांच्या कानावर जाऊ देऊ नका’ ही मायाच समजली जाते. त्यामागे प्रेम असतं, यात शंका नाही. पण मूल मोकळी जागा मोकळी ठेवत नाही, ती स्वतःच्या कल्पनेनं भरतं. तीन ते सात वर्षांच्या मुलाला वाटतं की जगात जे घडतं ते आपल्यामुळे. ‘मी हात धुतले नाहीत म्हणून आजी आजारी पडली’ हा विचार मोठ्यांना हास्यास्पद वाटेल. पण त्या वर्षी आपण दिवसातून वीस वेळा त्यालाच सांगत होतो, ‘हात धू, नाहीतर आजीला होईल.’

थोडं मोठं मूल वेगळं वागतं. मोठी माणसं विषय टाळताहेत हे त्याला कळतं, आणि आई-बाबांना त्रास नको म्हणून तेही विषय टाळू लागतं. घरात सगळे एकमेकांना सांभाळत असतात आणि प्रत्येक जण एकटा असतो.

मग ती भीती निघते कुठून? शरीरातून. शाळा म्हटली की पोटात दुखणं, रात्री दचकून उठणं, अंथरूण ओलं करणं सुटलेलं असताना ते पुन्हा सुरू होणं, आईचा पदर न सोडणं. वयात आलेल्या मुलांमध्ये सतत चिडचिड, दुपारपर्यंत झोपणं, आवडीचा खेळ सुटणं, ‘कशाचाच कंटाळा आलाय’ असं म्हणणं. यातलं काही थोडे दिवस दिसलं तर घाबरायचं कारण नाही. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं आणि जेवण, झोप, अभ्यास, मित्र यांवर परिणाम होऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

खरं सांगणं म्हणजे सगळं सांगणं नव्हे. ‘आजीला करोना झालाय. ती दवाखान्यात आहे. डॉक्टर औषध देताहेत. कधी येईल ते अजून माहीत नाही. कळलं की तुला लगेच सांगेन. आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही.’ ही सहा वाक्यं आम्हाला त्या एप्रिलमध्ये बोलता आली असती.

आजी-आजोबा जवळ असणं फायद्याचं ठरलं का?

पुण्यानं याआधीही महासाथ पाहिली आहे. १८९७च्या प्लेगात रँडच्या कारभारात सोल्जर घराघरांत शिरत आणि माणसांना छावण्यांत नेत. तेव्हा घरं फुटली. त्याच प्लेगात आजारी मुलाला स्वतः उचलून उपचाराला नेणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांनी प्राण गमावला. करोनात उलट झालं, घरं आतून बंद झाली. एकत्र राहणाऱ्या तीन पिढ्यांना एकमेकांचा सहवास मिळाला आणि एकमेकांची भीतीही.

ज्या घरात आजी पत्ते खेळली, आजोबांनी पाढे पाठ करून घेतले, तिथं मुलांना शाळेची उणीव थोडी कमी भासली. पण ‘आजोबांच्या जवळ जाऊ नको’ हे वाक्यही त्याच घरात रोज ऐकू आलं. आणि ज्यांचे आजोबा गेले, त्यांना शेवटचं बघताही आलं नाही. दहावं-तेरावं आटोपशीर झालं, भेटायला कुणी आलं नाही. दुःखाला वाट देण्याच्या आपल्या ज्या पद्धती होत्या, त्याच बंद पडल्या. मोठ्यांना रडायला जागा मिळाली नाही, तर मुलांना कुठून मिळणार?

‘लॅन्सेट’मध्ये जुलै २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार महासाथीच्या पहिल्या १४ महिन्यांत जगभरात १५ लाखांहून अधिक मुलांनी आई, वडील किंवा घरात राहून सांभाळणारे आजी-आजोबा गमावले. त्यात भारतातली मुलं मोठ्या संख्येनं होती. सरकारनं पावलं उचलली. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्यानं ५ लाख रुपयांची मुदत ठेव आणि केंद्रानं ‘पीएम केअर्स’मधून वयाच्या २३व्या वर्षी १० लाख रुपयांची तरतूद केली. एक पालक गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, तिचा मासिक आधार आता २,२५० रुपये आहे. हे पैसे हवेतच. पण मुलाचे वडील गेले, त्याच दिवशी आईही आतून कोसळली असते. तिला पुन्हा उभं करणारी यंत्रणा आपण उभारली नाही. आयोवाच्या साखळीतली मधली कडी तशीच राहिली.

मग दोष आई-वडिलांचा?

नाही. आणि हे मुद्दाम ठासून सांगायला हवं, कारण ‘सगळं घरावर अवलंबून’ असं म्हटलं की यंत्रणा हात झटकून मोकळी होते आणि सगळं खापर आईच्या डोक्यावर फुटतं.

टाळेबंदीच्या आधीचीच गोष्ट पाहा. २०१९च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं खर्च करताना दिसल्या, तर घरकामात हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. त्यावर शाळा, आजारपण, भांड्यांचा ढीग आणि ऑफिसही येऊन पडलं. जिला श्वास घ्यायला पाच मिनिटं नाहीत, तिनं मुलाशी ‘संयमानं संवाद साधावा’ असं सांगणं सोपं आहे. त्या घरात मुलाच्या मानसिक आरोग्याचा पहिला उपाय म्हणजे वडिलांनी भांडी घासणं आणि अर्धा तास मुलाला घेऊन बसणं. मुलाच्या मनाची काळजी घ्यायची, तर त्याला सांभाळणाऱ्याच्या मनाची काळजी आधी घ्यावी लागते. ती घेण्यात घरातला दुसरा माणूस, शाळा, मालक आणि सरकार असे सगळे वाटेकरी आहेत.

सरकारच्या बाजूनं एक चूक मान्य व्हायला हवी. मॉल, उपाहारगृहं उघडली तरी लहान वर्ग बंदच राहिले. पहिल्या लाटेत ही खबरदारी समजण्यासारखी होती. पण लहान मुलांना गंभीर आजाराचा धोका तुलनेनं कमी आहे हे कळल्यावरही मोकळी मैदानं आणि लहान गटांतले वर्ग यांचा विचार उशिरा झाला. पुढच्या साथीत शाळा सर्वांत शेवटी बंद आणि सर्वांत आधी सुरू, हा नियम आताच लिहून ठेवला पाहिजे.

साथ संपली, आता हे का आठवायचं?

कारण ती मुलं अजून मुलंच आहेत. जून २०२० मध्ये पहिलीत गेलेलं मूल जून २०२५ मध्ये सहावीत गेलं. तेव्हा पाचवीत गेलेली मुलं त्याच जूनमध्ये दहावीच्या वर्गात आली. घराला लागलेल्या तेव्हाच्या काही सवयीही राहिल्यात. पडद्यासमोरचं जेवण राहिलं, बंद दार राहिलं, ‘काही नाही, तू अभ्यास कर’ हे वाक्यही राहिलं. साथ गेली म्हणून त्या सवयी आपोआप जाणार नाहीत.

त्या सोडवण्यासाठी फार मोठं काही करावं लागत नाही.

दिवसातलं एक जेवण सगळ्यांनी एकत्र, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. त्या जेवणात गुणांचा विषय बंद.

घरात आजारपण, कर्ज, नोकरीची चिंता असेल, तर मुलाच्या वयाला झेपेल इतकं खरं त्याला आपणच सांगायचं. दुसऱ्याच्या फोनवरच्या बोलण्यातून ते त्याला कळू नये.

भांडण मुलासमोर झालं असेल, तर मिटलेलंही त्याला दिसू द्यायचं. मोठी माणसं भांडतात आणि पुन्हा एकत्र बसतात, हे बघणं त्याच्यासाठी मोठा धडा आहे.

मुलावर विनाकारण ओरडलो, तर ‘माझं चुकलं’ म्हणायचं. त्यानं धाक कमी होत नाही, विश्वास वाढतो.

आणि स्वतःला झेपेनासं झालं, तर मदत घ्यायची. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका असेल तर १०९८. शाळांनीही पालकसभेत निकालाआधी पाच मिनिटं ‘घरी सगळं ठीक ना?’ यासाठी ठेवायला हरकत नाही.

परवा मुलाबरोबर वारज्याच्या टेकडीवर फिरायला गेलो होतो. तो आता बारा वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा भरभर चढतो. दम खायला बसलो तेव्हा हिंमत करून विचारलं, ‘आजी दवाखान्यात होती, तेव्हाचं आठवतं का तुला?’ तो म्हणाला, ‘हो. तुम्ही खोटं बोलताय ते कळत होतं.’ मी म्हणालो, ‘मग विचारलं का नाहीस?’ तो खाली दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘विचारलं असतं तर तुम्ही रडला असता.’

आठ वर्षांचं पोर दोन आठवडे आम्हाला सांभाळत होतं आणि आम्हाला वाटत होतं, आम्ही त्याला सांभाळतोय. मी त्याला सॉरी म्हणालो, चार वर्षं उशिरा. तो ‘बरं’ म्हणाला आणि पाण्याची बाटली मागितली.

तुमच्या घरातही असा एखादा विचारायचा राहून गेलेला प्रश्न असेल. आज रात्री जेवताना तो तुम्हीच विचारा.